हिरांनी मांडलेलं यार्ड

दर बुधवारी मी सावंतवाडीहून एसटीने शिरोड्याला जातो आणि दर बुधवारी परतताना ठरवतो, की आता पुन्हा जायचं नाही. शिरोड्याला माझा मित्र राहतो. मुंबईच्या एका उपनगरी स्टेशनावर आम्ही दोघांनी अख्खी नोकरी काढली, तो यार्डाच्या उत्तरेच्या सिग्नल केबिनमध्ये, मी दक्षिणेच्या. मध्ये सगळे रूळ.

ते यार्ड आता नाही. मालगाड्यांचं सायडिंग उखडलं, मालधक्का गेला, दोन्ही केबिनी पाडून वर नवा फलाट घातला. निवृत्तीनंतर एकदा बघायला गेलो, तर माझी बसायची जागा मलाच सापडेना. उन्हात वेड्यासारखा फिरलो आणि मिळेल त्या गाडीने घरी आलो.

मित्र हल्ली माणसं विसरतो. मला ओळखणं तर त्याने कधीच सोडलं. त्याच्याशिवाय मला त्या यार्डात पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मी हट्टाला पेटलोय. बायको वैतागते. म्हणते, "पालथ्या घड्यार पाणी ओततास तुमी." तिचं बरोबर असेल, पण मला धीर धरवत नाही.

गेल्या खेपेला त्याच्या बायकोने दारातच सांगितलं, "भावजी, आज तेंका जरा बरां आसा."

आम्ही घरापुढच्या खळ्यात बसलो. माडाच्या झावळाचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, तोडून मी सारवलेल्या जमिनीवर रूळ मांडले. केबिनींच्या जागी दोन सुपाऱ्या. एक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, मुद्दाम मांडला नाही. यार्ड आठवलं तर त्याच्या मागोमाग मीही आठवेन, अशी माझी भाबडी समजूत.

तो बराच वेळ बघत राहिला. मग वाकला, एक हीर मोडला आणि नेमका त्या जागी तिरका ठेवला. "हय सांधो आसा," तो म्हणाला. "ह्यो नसलो तर मालगाडी भायर कशी पडतली?"

नवसाला हसणारा मी, मनातल्या मनात ग्रामदेवाला, वेतोबाला, नवस बोललो. उत्तरेच्या केबिनने विचारायचं, दक्षिणेने फोन करून हो म्हणायचं, मगच गाडी सुटायची, अशी आमची रीत. मी त्याच्याजवळ सरकलो. "मगे, सोडूया गाडी?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि दक्षिणेच्या सुपारीवर बोट ठेवलं. "आदी तेका इचारूक व्हया. थंय आमचो गाववालो आसा."

"मीच तो रे," मी म्हणालो. "माका बघ. मीच तो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीने. "तुमी बसा," तो म्हणाला. "तो हो म्हणल्याशिवाय माका गाडी सोडूक येवची नाय."

मी हो म्हणालो. पुन्हा म्हणालो, त्याचा हात धरून म्हणालो. त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि फोनची वाट बघत बसला.