लिथियम आणि दर दुसरा रविवार

निर्णय न घेण्याच्या कामी आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतकी मेहनत घेणारा माणूस कल्याणपासून ठाण्यापर्यंत शोधून सापडणार नाही. जन्मभर जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढल्यावर त्यांनी डोंबिवलीच्या रेतीबंदरावर एक जुनी, शिडाची छोटी बोट बांधून ठेवली. ती फारशी कुठे जात नाही, कारण दोन्हीकडे पूल आणि काकांची डोलकाठी पुलांपेक्षा उंच. तरी बोटीत एक दिवा, एक पंखा आणि एक रेडिओ आहे, आणि या तिघांच्या पोटापाण्यासाठी फळ्यांखाली दोन अवजड बॅटऱ्या. त्या काढून लिथियमच्या घ्याव्यात का, हा प्रश्न काका चार वर्षं सोडवत होते. बंदरावरचा एक होडीवाला एकदा म्हणाला, "काका, ही होरी हाय का इन्व्हर्टर?" काकांनी ते कौतुक समजून त्याला चहा पाजला.

जुन्या बॅटऱ्यांना दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. काकू होत्या तोवर टॉर्च त्या धरायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण मी एकटा राहतो, आणि एकट्या माणसाला रविवारी काही काम नसतं अशी काकांची पक्की समजूत. सकाळी आठला बेल वाजायची. "टॉर्च घे. आणि काही खाऊ नकोस, उपमा केलाय." मग मी अंगाची घडी करून फळ्यांखाली उजेड पाडायचो आणि काका बाराच्या बारा भोकांत नरसाळ्याने थेंब थेंब ओतत म्हणायचे, "हलवू नकोस रे. ही तुझ्यापेक्षा स्थिर धरायची."

मी वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू? लिथियमला पाणी लागत नाही, एवढ्या एका गुणावर मी तिचा प्रचारक झालो. काका म्हणाले, आग लागेल. मी माहितीपत्रकं आणली. काका म्हणाले, वजन घटलं तर बोट डोलेल. मी म्हटलं, वाळूची गोणी ठेवू, रेतीबंदरावर तेवढी मिळेल. चार्जर बदलावा लागेल म्हणाले, तर मी चार्जरही शोधून काढला. अखेर त्यांच्या हरकती संपल्या. "बरं, तुझं खरं," एवढंच म्हणाले, आणि मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं.

लिथियम बसली. पहिल्या मोकळ्या रविवारी दहापर्यंत लोळायचं ठरवलं होतं, पण आठला जाग आली. बेल वाजेना. पेपर दोनदा वाचला. चहा दोघांचा टाकला गेला. समोरच्या दाराला कुलूप होतं. आपलं घर किती गप्प असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि फार एकटं वाटलं. शेवटी चप्पल घालून बंदरावर गेलो.

काका बोटीत ओणवे झालेले. टॉर्च दातांत, हातात नरसाळं, शेजारी उपम्याचा न उघडलेला डबा. समोर एका खोक्यात त्या जुन्या बॅटऱ्या.

"काका, या कशाला जोडल्यात?"

त्यांनी दातांतला टॉर्च काढला. "कशालाच नाही. पण पाणी कमी झालं होतं."

मी टॉर्च घेतला आणि वाकून पाहिलं. बारा भोकं काठोकाठ भरलेली होती. मी उजेड भोकांवर धरला. काकांनी पहिल्या भोकावर नरसाळं धरलं.

"हलवू नकोस रे," ते म्हणाले. पुढचं वाक्य मात्र या वेळी म्हणाले नाहीत.