बाहेरचं टेबल

नागसेन खोब्रागडे नागपुरात लकडगंजमधल्या एका प्लायवुडच्या दुकानात कटिंग मशीनवर काम करायचा. आठवडाभर त्याला सगळे सांगत. शेठ सांगायचा कुठला माल काढायचा, सुतार सांगायचा किती इंचावर कापायचा, गिऱ्हाईक सांगायचं घाई आहे. घरी इंदोऱ्याला बायको माया आणि दहावीतली मुलगी सोनिका यांच्यापुढे तो फारसा बोलत नसे. त्याचं ऐकलं जायचं ते रविवारी दुपारी, महाल भागातल्या यमुताईंच्या सावजी भोजनालयात, दाराजवळच्या पहिल्या टेबलावर.

त्या टेबलावर तिघं बसत. नागसेन, पिंटू नंदनवार आणि जयवंता भोयर. आयटीआयला वेल्डरच्या वर्गात एका बाकावर होते, तेव्हापासूनची ही बैठक. पिंटूचं महालातच मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जयवंता खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये ठेकेदाराकडे कामाला, रविवारी मोटारसायकलने यायचा. काय मागवायचं ते नागसेन ठरवायचा. मटण की खूर, पोळ्या किती, भात कधी. यमुताई इतर दोघांकडे बघायच्याही नाहीत.

"नागसेनभाऊ, आज खूर चांगले आहेत."

"मग खूर. आन् पिंट्याले तर्री कमी द्या, मागच्या रविवारी रडला होता."

"कांदा झोंबला होता बे मले," पिंटू म्हणायचा.

त्यांचा एक नेम होता. सावजी रस्सा डोक्यापर्यंत चढतो, कानातून वाफ निघाल्यासारखी वाटते, पण जेवण संपेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. जो आधी पेला उचलेल त्याने उठून समोरच्या पानठेल्यावरून तिघांसाठी खर्रा घोटून आणायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घालून ठेलेवाला चोळून देतो. नागपुरात जेवणानंतर बडीशेप खाणारेही आहेत, पण या टेबलावर नव्हते. बहुतेक वेळा पिंटू हरायचा, कधी जयवंता. नागसेन हरला असं दोघांपैकी कुणालाही आठवत नव्हतं. दुकानात नव्या गिऱ्हाइकाला यमुताई त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "आमचं तिखट म्हणजे काय ते यांना विचारा."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्याला समोसा खाता येईना. तोंड तेवढं उघडत नव्हतं. गालाच्या आत, उजव्या बाजूला, पांढरा चट्टा होता आणि साधी भाजीसुद्धा तिथे आग करायची. तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याला स्वतःचीच बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवीत, त्याची दोन जेमतेम गेली. खर्रा आजपासून बंद, तिखट बंद, आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला द्यायचा, असं डॉक्टरने सांगितलं. मोठ्या दवाखान्याचं नाव कागदावर लिहून दिलं.

खर्रा त्याने खरोखर सोडला. तुकडा काढायला मात्र गेला नाही. तुकडा काढला तर टाके पडणार, टाके पडले तर रविवार चुकणार, आणि का चुकला ते सांगावं लागणार. एकदा सांगितलं की तो त्या टेबलावरचा आजारी माणूस होणार. मायाला त्याने सांगितलं, तोंड आलं आहे, बी कॉम्प्लेक्स सुरू आहे.

रविवारी तो येतच राहिला. पोळीचे तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान करू लागला. रस्सा सोडून वरण-भात मागवू लागला. तरी एका रविवारी त्याचा हात पेल्याकडे गेला आणि जयवंताने टेबलावर थाप मारली.

"गेला, गेला. नाग्या गेला. यमुताई, हे पाहा."

"उन्हाळा आहे ना बे," नागसेन म्हणाला आणि उठून ठेल्यावर गेला. दोन खर्रे घोटून घेतले. तिसऱ्या पन्नीत बडीशेप भरून घेतली आणि तेवढी आपल्या गालात ठेवली. कुणाला कळलं नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा हरला, त्याच्या पुढच्याही. बडीशेप भरून देताना ठेलेवाला आता काही विचारत नव्हता.

मित्रांनी आपापले तर्क केले. जयवंताचं म्हणणं, मूळव्याध.

"सांगायले लाजून राहिला. आमच्या काकाले होती, थो बी असाच वरण-भात खाये."

पिंटूला ते पटलं नाही. त्याच्या मते नागसेनने मोबाइलवर कुणा बाबाचे व्हिडिओ पाहिले होते आणि तो शंभर वर्षं जगायच्या मागे लागला होता. "आपल्याले सोडून एकटाच जगणार हा," पिंटू म्हणायचा. हे तो नागसेनच्या तोंडावर म्हणायचा आणि नागसेन हसायचा. ओठ मिटून हसायचा, कारण उघडून हसता येत नव्हतं.

दिवाळी झाल्यानंतरच्या एका रविवारी नागसेन हात धुवायला उठला. पिंटूने आपल्या वाटीतली तर्री चमच्याने काढली, त्याच्या वरण-भाताच्या मधोमध खड्डा केला, त्यात ओतली आणि वरून भात सारखा केला. जयवंताने पाहिलं आणि तोंडावर हात धरला. नागसेन येऊन बसला. त्याने मधला घास घेतला.

तो थुंकू शकला असता. पण दोघंही त्याच्याकडे बघत होते आणि कशासाठी बघत होते ते त्याला जिभेवर कळलं. त्याने घास गिळला. दुसराही घेतला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा पिंटू हसायला लागला.

"आता बोल. शंभर वर्षं जगतो?"

नागसेनने पेला उचलून तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा पेल्याच्या काठावर रक्त होतं, आणि उरलेल्या पाण्यातही.

पिंटूचं हसणं लगेच थांबलं नाही. कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो उठला, नागसेनला दंडाला धरून दारातल्या उजेडात नेलं आणि म्हणाला, "तोंड उघड."

"काही नाही बे, जीभ चावली."

"उघड म्हणलं ना."

नागसेनने उघडलं. एक बोट जाईल एवढंच उघडलं. आत काय होतं ते पिंटूने पाहिलं आणि तोंड रस्त्याकडे वळवलं. जयवंता बेसिनपाशी गेला. खर्रा खाणाऱ्यांची तीन बोटांची तपासणी त्यानेही ऐकली होती. दोघांकडे पाठ करून आरशासमोर त्याने आपल्या तोंडात बोटं घालून पाहिली. त्याची दोन गेली.

"केव्हापासून आहे हे?" पिंटूने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"आन् तू इथं येऊन बसून राहिला? काहून सांगितलं नाही?"

ताटातला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पिंटूने दुकान बंद ठेवून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तुकडा काढला, तपासणीचं उत्तर आलं. उन्हाळ्यात आला असता तर बहुधा गालातलंच काढून भागलं असतं, आता जबड्याचं हाडही काढावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. रोज असे किती येतात हे त्यांच्या सांगण्यावरूनच कळत होतं. उजवा अर्धा खालचा जबडा आणि गाल काढला. छातीवरची कातडी आणि मांस घेऊन ती जागा भरली. नंतर रेडिएशनचा शेक देणं चाललं. या सगळ्यात पिंटू रोज डबा घेऊन यायचा आणि वॉर्डाबाहेर मायाजवळ देऊन परत जायचा. आत फार थांबत नसे. जयवंता रविवारी यायचा, तो मात्र बराच बसायचा, पॉवर हाऊसच्या गोष्टी सांगत. यमुताईंच्या भोजनालयाचं नाव तिघांपैकी कुणीच काढलं नाही.

शेठने नागसेनला कामावरून काढलं नाही. मशीनवर मात्र ठेवलं नाही, गोदामाच्या फाटकाशी खुर्ची दिली. त्याचं बोलणं आता घशातून यायचं आणि निम्मे शब्द हवेत जायचे. सोनिकाला सगळे कळत, मायाला बरेचसे. घरी तो स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. पातळ वरण, दुधात भिजवलेली पोळी, पेज. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून काही ना काही गळायचं, म्हणून मांडीवर रुमाल.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने स्वतःहून पिंटूला मेसेज केला. रविवारी येतो. यमुताईकडं.

पिंटूने तो मेसेज लगेच जयवंताला पाठवला. शनिवारी तो स्वतः भोजनालयात जाऊन आला. मटणाचं आळणी पाणी करा, मीठ तेवढं घाला, मिरचीचा वाससुद्धा नको, असं यमुताईंना सांगितलं. त्यांनी वेगळ्या पातेल्यात केलं, फडक्यातून गाळलं. नागसेन आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात दोन रुमाल होते. दाराजवळचं टेबल रिकामं होतं. तो खुर्ची ओढू लागला.

"इकडं नाही, इकडं," पिंटू म्हणाला. "आत ये. आत बसू."

आत बायका-मुलांसाठी फॅमिली केबिन आहे. प्लायवुडच्या पार्टिशनची छोटी खोली, दाराला हिरवा पडदा. इतक्या वर्षांत हे तिघं तिथे कधी बसले नव्हते. नागसेन आत गेला, बसला. जयवंता बसला. पिंटूने पडदा ओढला, मग एका बाजूने फट राहिली होती तीही बंद केली.

"काहून?" नागसेनने विचारलं. हा शब्द दोघांनाही नीट कळला.

"बाहेर धूळ लय येते ना गा," पिंटू म्हणाला. "रस्ता खोदून ठेवला आहे."

"आन् आपण फॅमिलीच आहो," जयवंता म्हणाला. "पिंट्याले साडी नेसवली की झालं."

नागसेन हसला. त्या हसण्याने त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तेव्हा दोघं ताटाकडे बघू लागले.

ताटंही बदलली होती. पिंटूने तिघांसाठी आळणीच मागवलं होतं. आपण झणझणीत खायचं आणि त्याने बघत बसायचं हे त्याला बरोबर वाटलं नव्हतं. दोन वाट्यांत पांढरट, मऊ, तर्री नसलेलं मटण, नागसेनच्या वाटीत त्याचं गाळलेलं पाणी. जयवंता ते औषधासारखं खात होता. नागसेनने चमच्याने प्यायला सुरुवात केली. रस्सा कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तिथून शर्टावर. पिंटू मोबाइल काढून काहीतरी बघू लागला. जयवंताने पॉवर हाऊसची एक गोष्ट काढली, ती दवाखान्यात सांगून झालेली होती. पडद्यापलीकडून लोकांचं बोलणं, पोळी मागणं, कुणाचं तरी तिखटाने सुस्कारणं ऐकू येत होतं.

यमुताई पडदा बाजूला करून आत आल्या.

"मीठ बरोबर आहे काय, भाऊ?"

नागसेनने मान हलवली. त्या बाहेर जाताना पडदा तसाच उघडा राहिला. पिंटूने उठून तो पुन्हा लावला. नागसेनने चमचा वाटीत ठेवला. रुमालाने तोंड पुसलं आणि त्यानंतर काही खाल्लं नाही. पिंटूने पोटभर झालं का विचारलं, तो हो म्हणाला.

पुढच्या रविवारी पिंटू इंदोऱ्याला त्याच्या दारात आला. गाडी बंद केली नव्हती. माया ओट्यावर कपडे वाळत घालत होती, नागसेन दारातल्या खुर्चीवर बसला होता. अंगावर तोच इस्त्रीचा शर्ट, धुतलेला.

"चाल ना बे. जयवंता पोहोचला असन."

नागसेनने हाताने नाही म्हटलं.

"काहून? चाल ना. यमुताईले आळणी सांगितलं आहे मी."

नागसेनने पुन्हा हात हलवला. थोडा हळू.

या वस्तीत काय किंवा महालात काय, जेवायला बोलावलं तर पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यांदा माणूस हाताला धरून उठवतो, शिव्या देतो, चप्पल पुढे सरकवतो, मग उठायचं. एरवी पिंटू तर पाचव्यांदाही थांबत नसे. लग्नात, बारशात, कुणाच्याही घरी तो नागसेनच्या ताटात जबरदस्तीने वाढत आला होता.

पिंटू गाडीवर बसून राहिला. त्याने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मग त्याचे खांदे खाली आले, अंग सैल पडलं. नागसेन ते बघत होता.

"ठीक आहे मग," पिंटू म्हणाला. "आराम कर. पुढच्या रविवारी पाहू." त्याने मायाकडे बघून मान हलवली आणि गाडी गल्लीतच वळवली.

मायाने शेवटचा कपडा झटकून वाळत घातला आणि वळली.

"गेले काहून नाही तुम्ही? शर्ट तर घातला होता."

नागसेनने काहीतरी सांगितलं. तिला कळलं नाही. तिने आत हाक मारली. सोनिका दारात आली, बापाजवळ वाकली, त्याच्याकडून पुन्हा ऐकलं आणि आईला सांगितलं.

"ते म्हणतात, त्यानं अजून एकदा म्हणलं असतं तर गेलो असतो."