सावकाशरावांचा वेग

ताईचं लग्न ठरलं तेव्हाच मी भाऊजींचं टोपणनाव पाडलं, सावकाशराव. पहिल्यांदा घरी आले तेव्हा "चहात साखर किती?" एवढंच मी विचारलं, तर चहा गार होईपर्यंत विचार करत बसले होते. ताई तेव्हा पोट धरून हसली होती.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक काच काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आधीचं बरं होतं की हे?" गिऱ्हाईक घुटमळलं की हे हात मागे बांधून उभे. मालक चुळबुळ करायचा, बाकड्यावर माणसं ताटकळायची, पण हे ढिम्म. म्हणायचे, "बघतोय तो, मी नाही. त्यालाच सांगू दे." त्यांनी काढलेला नंबर कधी चुकत नाही, हे मात्र मालकही कबूल करायचा.

ताई नेमकी उलटी. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने नुसती मान हलवायची. मी तिला मध्येच तोडायचे, आई तोडायची, सगळं जग तोडायचं. शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस तिला मिळाला, आणि त्याच्याशी तिने संसार केला.

मग एका सकाळी भांडी विसळताना ताई कोसळली. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शब्द गेलेले नाहीत, आतच आहेत. बाहेर यायला वेळ लागतो. पहिलं वर्ष फार महत्त्वाचं. तुम्ही फक्त थांबायचं. त्यांचं बोलणं तुम्ही पुरं करायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला. थांबणं तर भाऊजींच्या हातचा मळ!

पण गिऱ्हाइकासाठी थांबणं वेगळं आणि बायकोसाठी थांबणं वेगळं. ताई एखादं अक्षर धरून बसायची, कपाळाच्या शिरा ताणायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि शब्द काही यायचा नाही. भाऊजींना ते बघवेना. म्हणून त्यांनी मोबाइलवर बुद्धिबळ सुरू केलं. दोघांना एकेक मिनिट, आणि ज्याचं मिनिट आधी संपलं तो हरला, मग पटावर काहीही असो. समोर कुठला तरी अनोळखी माणूस. "तिला वेळ मिळतो," ते मला म्हणाले, "आणि मी टक लावून बघत बसत नाही, त्यामुळे तिला अवघडल्यासारखं होत नाही." मला ते पटलं.

सुरुवातीला सपाटून मार खायचे. वजीर जागेवर, दोन्ही हत्ती जागेवर आणि घड्याळात शून्य. "भाऊजी, तुमचं प्यादं एक घर पुढे जाईपर्यंत समोरचा आंघोळ करून येत असेल," मी म्हणायचे. पण माणूस चिवट. पहिल्या काही चाली त्यांनी कायमच्या ठरवून टाकल्या, म्हणजे तिथे विचारच नको. दुकानात डबा खाताना हरलेले डाव पुन्हा बघायला लागले. डाव हातचा जातोय असं दिसलं की नुसते शह देत राहायचे, समोरच्याचं घड्याळ पळवायचे आणि जिंकून मोकळे व्हायचे. जिंकलं की वाढतं आणि हरलं की उतरतं ते रेटिंग चढायला लागलं. दोन हजार हा आकडा त्यांनी मनाशी धरला.

"खरी गंमत मला आत्ता कळली," एका रविवारी ते म्हणाले. समोरचा विचार करत असतानाच आपली पुढची चाल लावून ठेवायची. तो खेळला की आपली चाल आपोआप पडते, वेळ जातच नाही. "तो काय खेळणार ते आपल्याला माहीतच असतं गं. दहातल्या नऊ वेळा."

"आणि दहाव्या वेळी?"

"दहाव्या वेळी आपला वजीर आयता त्याच्या घशात!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. ताई आजारी पडल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. मला बरं वाटलं.

हळूहळू घरातही तेच सुरू झालं. ताईने डावा हात उचलला की हातात पाण्याचा पेला. मान वळवली की खिडकी बंद. एकदा मी ताईला विचारलं, "आज काय जेवलीस?" तिने ओठ जुळवले, तेवढ्यात भाऊजी मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "भात आणि भाजी." उत्तर बरोबर होतं. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असायचं, हीच तर पंचाईत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भाऊजी, बाईंनी काय सांगितलंय?"

"अगं, मला कळतंय ना? मग तिला उगाच त्रास कशाला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

दुकानातला मालक आधी खूश होता. गिऱ्हाईक "अं" म्हणेपर्यंत हे नंबर लिहून मोकळे. मग चष्मे परत यायला लागले. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला पायऱ्या वरखाली दिसायच्या. शेवटी मालकाने त्यांना तपासणीवरून काढलं आणि फ्रेमा पुसायला बसवलं. भाऊजींनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. तिथे खेळायला सवड मिळत होती.

वर्ष संपत आलं तेव्हा आम्ही तिघं बाईंकडे गेलो. बाईंनी ताईला विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच," भाऊजी म्हणाले.

"दुपारी काय करता तुम्ही?"

"पडते जरा. मग टीव्ही बघते," पुन्हा भाऊजीच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दार लागल्यावर बाईंनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. आम्ही थांबलो. ताईने ओठसुद्धा हलवले नाहीत. ती दाराकडे बघत राहिली, कारण उत्तर देणारा माणूस दाराबाहेर बसला होता. बाई हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "मागे या दोन-तीन शब्द जोडायला लागल्या होत्या. घरी यांना कुणी बोलूच देत नाही का?"

मी बाहेर आले तर भाऊजी मोबाइल माझ्यासमोर धरून उभे. दोन हजार झाले होते.

मी तिथेच तोंड सोडलं. सगळा व्हरांडा बघत होता, बघू दे. "तुम्ही तिचं तोंड बंद केलंत," मी म्हणाले. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, "मला वाटलं, तिचे कष्ट वाचतायत."

त्या दिवशी त्यांनी मोबाइल बंद करून ताईच्या उशाशी टाकला. रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची घ्यायची, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "बोल. मी थांबलोय." ताई नुसती बघायची. मी कधीही गेले तरी दोघं समोरासमोर, गप्प.

एकदा माझं लक्ष भाऊजींच्या अंगठ्याकडे गेलं. तो गुडघ्यावर सरकत होता. इकडून तिकडे, थांबून पुन्हा तिरका. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ताई मात्र बराच वेळ त्या अंगठ्याकडेच बघत असावी. तिने डाव्या हाताने उशाजवळचा मोबाइल चाचपला, ओढला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मग ओठ हलवले.

"ख..."

कपाळाची शीर ताणली गेली. भाऊजी पुढे झुकले. मी त्यांचा खांदा घट्ट धरला, पण गरज पडली नाही. ते थांबले, पूर्वी दुकानात थांबायचे तसे.

"खे..." ताईच्या हनुवटीवर लाळ आली. कुणीच ती पुसली नाही. "खेळ."

"बोलली!" भाऊजी ढसाढसा रडायला लागले. "ऐकलंस ना तू? बोलली ती!"

मी ऐकलं होतं आणि ताईचा चेहराही पाहिला होता. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायला म्हणून पुन्हा बोलली तरी असती. ती फक्त थकली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर ताई एक शब्दही बोललेली नाही. भाऊजी रोज तिच्या उशाशी बसून खेळतात. मी काही बोलायला तोंड उघडलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतात, "तिनेच सांगितलंय."