पहिल्या रांगेतले पाव्हणे

दिवे लागायच्या आत त्यांचा हात वर गेलेला असायचा. पडद्यावर नावं अजून सरकत असायची, लोक आळस देत असायचे, आणि पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून पाची बोटं पसरलेला एक हात वर.

"बाई, एक इच्यारू?"

"विचारा."

"त्येंच्यात पाव्हणा आला तर काय करत्यात?"

सांगलीत आमचं एक लहानसं मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही देशोदेशीच्या लोकांवरचे माहितीपट दाखवतो. कुठं लग्न कसं लागतं, कुठं मेलेल्याला निरोप कसा देतात, बर्फात राहणारी माणसं चूल कशी पेटवतात, असले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर हा उद्योग मागे लावून घेतला. खुर्च्या चाळीस, त्यातल्या निम्म्या बहुतेक वेळा रिकाम्या.

सिनेमा कुठलाही असो, मासेमारांचा, वाळवंटातला, डोंगरातला, त्यांचा प्रश्न तोच. मागच्या रांगेत खसखस पिकायची. त्यांचं नाव आमच्या वहीत होतं, पण मंडळात सगळे त्यांना 'पाव्हणे'च म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांनाही ते आवडायचं असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. अशी माणसं तुम्हीही कुठल्या ना कुठल्या सभेत पाहिली असतील. आपण त्यांच्यावर प्रेमही करतो आणि थोडे वैतागतोही.

ते कुंडलचे. थोडी द्राक्षं, थोडा ऊस. पलूसला एसटी बदलून यायचे. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. पहिल्यांदा आले ते चुकून. शेजारच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तासभर सावलीत बसायला सांगितलं होतं, म्हणून आमचा जिना चढले. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, काय दिसलं का?

"दिसलं काय न्हाई बघा. समदं धुरकट. पण कोन तरी बाई दारातनं कुणाला तरी आत घ्यालती, येवढं कळलं. त्येंच्यात पाव्हण्याला पयल्यांदा काय देत्यात, पानी का च्या?"

मला ठाऊक नव्हतं. मी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता.

ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. थंडीत सिनेमा लांबला की खिडकीकडे बघत पिशवीतला डबा उघडायचे आणि अंधारातच दोन घास उरकायचे. पडद्यावर शिकार आली की मान खाली. एकदा मी म्हटलं, आज तुम्हाला त्रास झाला असेल. तर म्हणाले, "त्येंचं त्येंच्यापाशी. आपून कुटं त्येंच्या ताटात बसलोय?" आणि लगेच हात वर, प्रश्न तोच.

जपानवरचा एक सिनेमा दाखवला होता. त्यात घरधनीण पाहुण्यांचे जोडे बाहेरच्या दिशेनं तोंड करून लावून ठेवते, जाताना पायात सहज जावेत म्हणून. पुढच्या महिन्यात सिनेमा संपवून आम्ही बाहेर आलो, तर दारातल्या सगळ्या चपला जिन्याकडे तोंड करून ओळीत. ज्याला त्याला आपली चप्पल सापडेना. एक निवृत्त इंजिनिअर भलत्याचेच सँडल घालून माधवनगरला पोचले. पाव्हणे मात्र जिन्यात उभे राहून, पोराचं लग्न पार पडल्यासारखे सगळ्यांकडे बघत होते.

एकदा मी न राहवून विचारलंच, दर वेळी हाच प्रश्न का?

ते थोडे ओशाळले. "बाई, मी कोल्लापूरच्या फुडं गेलेला न्हाई. आता कवा जाणार? पण समजा, गेलो. ह्या जगात कुटं बी गेलो, तर मला दारात हुबं करतील का न्हाई, येवढं आपलं बघून ठेवतो." मग हसले. "आतापत्तूर समद्यांनी घेतलंय बघा आत."

हे ऐकूनही मी पुढं जे केलं ते केलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

पुण्याचे एक दिग्दर्शक आमच्याकडे यायला कबूल झाले. मंगोलियातल्या मेंढपाळांमध्ये दोन वर्षं राहून त्यांनी माहितीपट केला होता. आमच्यासारख्या मंडळाला केवढं अप्रूप! मी कॉलेजांतून फिरले, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं, हार आणले. पाहुण्यांच्या सोयीसाठी वेळ पाचची साडेसहा केली. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या एका माणसाचं काय होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते चारलाच जेवून आले होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर मला गाठलं आणि पिशवीतून फडक्यात बांधलेला गूळ काढला. "घरच्या उसाचा हाय. लांबनं येनार पाव्हणं. आदी गूळ-पानी द्या, मग हार."

"देते हं," मी म्हटलं आणि गूळ पर्समध्ये टाकला. वर माणसांची गर्दी होती, माइक चालत नव्हता, माझा जीव टांगणीला लागला होता. मला डोळ्यांसमोर तो हात दिसला, मागची खसखस ऐकू आली, दिग्दर्शकांचा चेहरा दिसला.

"एक सांगू का?" मी आवाज खाली आणला. "आज तेवढा तुमचा प्रश्न राहू दे. वेळ कमी आहे. मोठी माणसं आलीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"व्हय की," ते म्हणाले. "मोठ्या मान्सांत आपलं काय."

त्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले नाहीत. पहिली रांग मी राखीव ठेवली होती. मागं भिंतीशी उभे होते. दिवे लागले तेव्हा मी आपसूक कडेच्या खुर्चीकडे पाहिलं, तिथं एका कॉलेजचे प्राचार्य होते. प्रश्न भरपूर आले. कॅमेरा कुठला, खर्च किती, बक्षिसं किती. कार्यक्रम रंगला असं सगळे म्हणाले. मी जिन्यापाशी आले तोवर पाव्हणे गेले होते.

जेवताना दिग्दर्शक म्हणाले, "सगळीकडे हेच विचारतात. मी पहिल्या दिवशी त्यांच्या तंबूसमोर उभा राहिलो, भाषा येत नाही, ओळख नाही, आणि सिनेमातल्या त्या म्हातारीनं मला आत कसं घेतलं, ते मला सांगायचं असतं. कुणी विचारतच नाही हो."

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे एक जण आहे, असं सांगावंसं वाटलं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी भाजी वाढली. गूळ पर्समध्येच होता. दोन दिवसांनी पर्सला मुंग्या लागल्या तेव्हा आठवला.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. द्राक्षांची छाटणी असेल, असं म्हटलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. वहीत त्यांचा फोन नंबर होता. फोन करून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं. जाऊन भेटावं हे बरं. पण जाऊ, जाऊ म्हणता वर्ष गेलं. सांगलीहून कुंडल काही मंगोलिया नव्हे.

शेवटी एका सकाळी निघाले. सोबत चांगला शेरभर पेढा घेतला. पलूसला एसटी बदलली. घर विचारत गेले, तर ओसरीवर त्यांचा हार घातलेला फोटो. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. झोपेतच गेले, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. ती त्यांना मामा म्हणत होती.

"तुमी सांगलीच्या फिल्मच्या बाई न्हवं?" मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली. "आवं, बसा की. हुब्या का?"

आधी गूळ-पाणी आलं. मग कडक, कडू चहा. तो संपतो न संपतो तोच दुसरा, गोड. मी नको म्हणत होते तरी तिसरा, अगदी फिका. "तिसरा घेटल्याबिगर उठायचं न्हाई," ती म्हणाली. "वाळवंटातल्या लोकांचं हाय म्हनं हे. मामांनी घरात लावून दिलं. पाव्हणा आला की आमच्यात निम्मं जग आल्यागत हुतंय." ती हसली. तो सिनेमा मीच दाखवला होता.

मी धीर करून विचारलं, "ते यायचे का थांबले? काही बोलले होते?"

"न्हाई ओ. पयल्या ऐतवारी सदरा घालून तयार ऱ्हायचे. मी म्हनायची, मामा, जावा की. तर म्हनायचे, बाईंच्यात आता लय पाव्हणं येत्यात, जागा पुरत न्हसंल. सवड झाली की बोलवतील."

वहीतला तो नंबर मला पाठ झाला होता.

ती कपबश्या उचलता उचलता थांबली. "येक लय वेळा इच्यारायचे. तुमच्या त्या पाव्हण्याला आमचा गूळ आवडला का ओ?"

"फार आवडला," मी म्हणाले. "त्यांनी मागून घेतला."

तिचा चेहरा फुलला. फोटोकडे बघून ती म्हणाली, "ऐकलं का मामा?"

मी निघाले. येताना घाईत ओसरीखाली वेड्यावाकड्या काढलेल्या माझ्या चपला आता जोडीनं, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या होत्या. पाय सहज गेले. सून एसटीपर्यंत सोडायला आली आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभी राहिली.