शेजाऱ्याच्या आईचा पाट

बदलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर एक शेजारी राहायचे. अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. जिन्यात भेटले की "जय भीम, साहेब" म्हणायचे. मी उलट जय भीम कधी म्हणालो नाही, नुसती मान हलवायचो. कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन मी बाल्कनीत बसवलं, तेव्हा ते रोज बघायला यायचे. चपला दाराबाहेर काढून, हात मागे बांधून उभे राहायचे.

एकदा त्यांनी वारलेल्या आईचा सागवानी पाट आणला. "ह्याच्यावर तिचं नाव टाका, साहेब. जन्मभर अंगठाच लावला तिनं."

मी नवशिका. कटर बदलला, पण त्याची नवी उंची कॉम्प्युटरला सांगायला विसरलो. पहिल्याच अक्षराला कटर आरपार गेला आणि पाट उभा चिरला.

ते आल्यावर मी म्हणालो, "लाकूड आतून किडलेलं होतं हो." हे खोटं होतं.

ते बराच वेळ चिरेवरून बोट फिरवत राहिले. कीड कुठंच नव्हती. मग हळूच म्हणाले, "सॉरी हां, साहेब. तुमच्या मशीनला काय झालं नाय ना?"

"असू द्या," म्हणत मी त्यांना माफ केलं.