वॉर्डाच्या खिडकीतला कावळा

"अम्मा, तुमच्या आजाराला नाव मिळालं," थोरले डॉक्टर म्हणाले. "ट्रॉपिकल स्प्रू. पोट उघडायची काही गरज नाही."

आजाराचं नाव ऐकून माणसं घाबरतात. मी आधी हसले आणि मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडले. दहाच दिवसांपूर्वी याच खाटेपाशी उभं राहून त्यांनी मला ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं होतं. आणि ते ऑपरेशन माझ्यावर माझ्याच एका खोडीमुळे ओढवलं होतं. ती खोडी सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. अशा दुखण्यातून कुणी जात असेल तर त्याने निदान माझ्यासारखा शहाणपणा करू नये.

गोष्ट मद्रासची, साठ सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. मी मूळची मिरजेची. लग्न होऊन मैलापूरला आले ती तंजावरच्या मराठी घरात. यांची नोकरी नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत. घरात सासूबाई आणि आमची आठ वर्षांची शालू. सासूबाईंची मराठी जुन्या पोथीतली वाटायची, मध्येच त्यात तमिळ शब्द यायचा, आणि माझी मिरजेची बोली ऐकून त्या पहिले सहा महिने नुसत्या हसायच्या. पण बाई मायेची.

त्या वर्षी एका लग्नाला आम्ही तंजावरला गेलो. परत आल्यावर घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली. आठवड्यात सगळी बरी झाली, माझं काही थांबेना. एक महिना गेला, दोन गेले, सहा गेले. लाजायचं काय, लिहायलाच बसले आहे तर लिहिते. दिवसाला सहा-सात वेळा जावं लागे. शौचाला पांढुरकं, फेसाळ आणि तेलकट होई, कितीही पाणी ओतलं तरी तवंग जात नसे. जीभ सोललेल्या बीटासारखी लाल झाली होती, रसमचा घोट घेतला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पावलं मात्र सुजली.

"तूप खा, अंगी लागेल," म्हणून सासूबाई भातावर तुपाची धार धरायच्या. मी जितकं तूप खाई, तितकं पोट जास्त बिघडे. शेवटी तुपाच्या वासानेच मला मळमळायला लागलं.

शालूची वेणी घालताना मला धाप लागायची. एक पेड झाला की मी भिंतीला टेकायची आणि ती पोर अर्धी वेणी तशीच धरून उभी राहायची. एकदा म्हणाली, "आई, उद्यापासून मी माझी मीच घालते." आपण हिला वाढवायला राहतो की नाही, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही.

यांच्या कचेरीतल्या एकाने सांगितलं म्हणून आम्ही शहरातल्या एका इस्पितळात गेलो. तिथे आतड्यांच्या दुखण्यांवर संशोधन चालायचं आणि त्यासाठी आठ खाटांचा वेगळा वॉर्ड होता. थोरले डॉक्टर उंच, सावळे, कमी बोलणारे. माझ्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "दाखल व्हा. तुम्ही खाता ते कुठे जातं हे आधी मोजू."

आधी रक्त तपासलं. अंगात रक्त फारच कमी होतं. मग खडूच्या पाण्यासारखं बेरियम पाजून एक्स-रे काढले. त्यात आतड्याच्या एका वळणावर सावलीसारखं काहीतरी दिसलं, पण ते नक्की काय हे कळेना. मग आली ती फॅट बॅलन्सची तपासणी. तिचा अर्थ साधा आहे. रोज ठरलेलं, मोजलेलं तेल-तूप पोटात जाऊ द्यायचं आणि तीन दिवसांचा सगळा मळ डब्यांत जमा करून त्यातून किती स्निग्ध बाहेर पडतं ते प्रयोगशाळेत काढायचं. बरंच बाहेर पडलं, तर आतडी अन्न शोषत नाहीत. फारसं पडलं नाही, तर आतडी ठीक आहेत आणि दुखणं दुसरीकडे शोधायचं. आपण "अंगी लागत नाही" म्हणतो ना, तेच ही मंडळी तराजूत घालून बघत होती.

त्या डब्यांचं सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सोवळ्याच्या घरातली सून मी, आणि हातात माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला डबा! आमच्या वॉर्डाची सिस्टर केरळची होती, बोलायला फटकळ. "अम्मा, या डब्यापुढे राजाची राणीसुद्धा सारखीच," ती म्हणायची. दोन दिवसांत माझी लाज गेली.

ताटाचा नियम एकच होता. ताटात येईल ते सगळं खायचं, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. भात, डाळ, भाजी मोजून यायची आणि तूप एका छोट्या वाटीत वेगळं. जेवण झालं की सिस्टर विचारी, "ताटात काही उरलं?" मी म्हणे, "काही नाही." ती कागदावर खूण करी.

आणि खरंच ताटात काही उरत नव्हतं. पण त्याआधी काय होत होतं ते ऐका.

सासरी आल्या दिवसापासून सासूबाईंनी मला एक शिकवलं होतं. त्या भागात घरोघरी पाळतात, तेच. भात शिजला की आधी वरणतूप कालवून एक मूद कावळ्याला ठेवायची, मग घरच्यांची पानं वाढायची. पितर त्या रूपाने येतात म्हणतात. बारा वर्षांत एक दिवस मी ते चुकवलं नव्हतं. वॉर्डात माझी खाट खिडकीपाशी होती. पहिल्याच दिवशी ताट आलं आणि बाहेर एक लंगडा कावळा येऊन बसला. मी मूद केली, गजांमधून बाहेरच्या कठड्यावर ठेवली, हात जोडले आणि जेवले. यात सांगण्यासारखं काही आहे असं मनातसुद्धा आलं नाही. श्वास घेतला, हे कुणी सांगतं का?

पण खोटं कशाला बोलू, घरी कावळ्याला बोटभर तूप जायचं आणि इथे मी वाटीच उपडी करत होते. तुपाने मळमळायचं ना! मोठी मूद करायची, सगळं तूप त्यात जिरवायचं आणि पितरांच्या नावाने आपली सुटका करून घ्यायची. पुण्यही पदरात, तूपही टळलं. काय हुशार बाई!

तपासणी संपली. डॉक्टर कागद घेऊन आले, हे पण हजर होते. डॉक्टर म्हणाले, "स्निग्ध जवळजवळ निरोगी माणसाइतकंच बाहेर पडलंय. म्हणजे आतडी शोषतायत. मग वजन का घटतंय? एक्स-रेमधली ती सावली मला स्वस्थ बसू देत नाही. गाठ असू शकेल. पोट उघडून बघावं लागेल." मग त्यांनी खरं तेही सांगितलं. "यांच्या अंगात रक्त कमी आहे. ऑपरेशन सोपं नाही."

यांनी कागदावर सही केली तेव्हा पेन दोनदा खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचं नव्हे, वॉर्डाचं साधं ताट आलं. तुपाची वाटी नव्हती. मी सवयीने कोरडीच मूद कठड्यावर ठेवली. लंगडा कावळा आला, त्याने चोच मारली, मूद ढकलून दिली आणि माझ्याकडे बघून ओरडायला लागला. मी चिडून म्हटलं, "तुपाची चटक लागली होय रे मेल्या!"

आणि माझा हात तोंडाशी तसाच थांबला.

अगं बाई! मोजलेलं तूप मी खाल्लंच कुठे होतं? ते कावळ्याच्या अंगी लागत होतं. तर मग माझ्यातून ते बाहेर पडणार कसं?

हे तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, भीती वाटली. तीन दिवस कुणीतरी माझे ते डबे तपासत बसलं होतं. सिस्टरने माझ्या शब्दावर खुणा केल्या होत्या, तिला बोलणी बसतील. डॉक्टर म्हणतील, शिकलेली बाई आणि कावळ्याला तूप? ऑपरेशनची सही झालेली असूनही मी गप्प पडून राहिले. माणूस लाजेपायी जीवसुद्धा द्यायला बसतो, ते मी माझ्यावरून बघितलं.

संध्याकाळी हे शालूला घेऊन आले. मुलांना व्हरांड्यापर्यंतच सोडत, म्हणून मला खुर्चीत बसवून बाहेर नेलं. शालूची वेणी वाकडी होती, तिची तिने घातलेली. तिने हळूच विचारलं, "आई, पोट कापल्यावर परत शिवतात ना? आणि समजा शिवायचं राहिलं तर?"

मी तिला जवळ घेतलं आणि तिथूनच हाक मारली, "सिस्टर! थोरल्या डॉक्टरांना बोलवा. मला काहीतरी सांगायचंय."

ते आले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मूद सांगितली, कावळा सांगितला, आणि तूप नको होतं म्हणून मुद्दाम जास्त घातलं तेही सांगितलं. सिस्टरने कपाळावर हात मारला. मी आता ओरडा बसेल म्हणून डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले, "मूद केवढी?"

मी डोळे उघडले. ते खरंच विचारत होते. त्यांनी भात, वरण आणि तशीच भरलेली तुपाची वाटी मागवली. "रोज करत होता तशी करा," म्हणाले. मी मूद केली. त्यांनी ती प्रयोगशाळेच्या तराजूत ठेवली. वजन लिहून घेतलं, वाटीत किती तूप उरलं तेही पाहिलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"अम्मा, चूक आमची," ते म्हणाले. "ताटात काही उरलं का, एवढंच आम्ही विचारत होतो. ताटातलं कुणाला दिलं का, हे कधी विचारलंच नाही. माझी आई आजसुद्धा कावळ्याला घातल्याशिवाय जेवत नाही, आणि मला हे सुचू नये!"

ऑपरेशन थांबलं. तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "कावळा बंद करा," असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात सांगून कावळ्याचा भात वेगळा द्यायला लावला, पानाच्या तुकड्यावर, तूप न घालता. सिस्टरने त्याला माझ्या डब्यांसारखीच चिठ्ठी लावली. लंगड्याने दोन दिवस रुसून पाहिलं, तिसऱ्या दिवशी मुकाट खायला लागला. मी नाक दाबून वाटीतलं सगळं तूप गिळलं. डबे भरले, प्रयोगशाळेत गेले.

या खेपेला स्निग्ध भरपूर बाहेर पडलं, आणि डॉक्टर ते नाव घेऊन आले. ट्रॉपिकल स्प्रू, म्हणजे उष्ण प्रदेशात होणारं आतड्यांचं दुखणं. आतड्याच्या आतलं अस्तर झिजतं, स्निग्ध शोषलं जात नाही, जीवनसत्त्वं मिळत नाहीत, मग रक्त आटतं. एक्स-रेमधली सावलीसुद्धा त्या सुजलेल्या आतड्याचीच होती. औषध काय, तर फॉलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं आणि काही दिवस जंतूंवरच्या कॅप्सूल. एवढंच! यासाठी माझं पोट फाडणार होते.

पाचव्या दिवशी जिभेची आग थांबली. आठव्या दिवशी मी सिस्टरकडे रसम मागितलं आणि ते गोड लागलं. भूक लागते म्हणजे काय होतं, हे मी सहा महिन्यांनी पुन्हा अनुभवत होते.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "कावळ्यास घातल्याविना जेवूं नये, हें मीच शिकवलें. पण आपल्या जिवाच्या वाटचें घालावें, हें कोणी सांगितलें गे?" त्या दिवशी मूद त्यांनी केली आणि माझ्या पानावर तूप त्यांनीच बेताने वाढलं.

दर महिन्याला इंजेक्शनसाठी मी वॉर्डात जात असे. चौथ्या-पाचव्या खेपेला माझ्या जुन्या खाटेवर एक म्हातारी बाई होती, नुसती हाडं उरलेली. तिची तपासणी त्या दिवशी सुरू होत होती. सिस्टर समोर कागद धरून तिला पाट्टी, म्हणजे आजी, अशी हाक मारत तमिळमध्ये विचारत होती, "पाट्टी, ताटातलं आधी कुणासाठी काढून ठेवता का? देवाला, गाईला, कावळ्याला, घरच्या कुणाला?" कागदावर तो प्रश्न ताटाच्या नियमाच्याही वर लिहिलेला होता. माझ्या वेळी तो नव्हता.

म्हातारी "नाही, नाही" म्हणत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "पाट्टी, सांगून टाका. मी इथे एका कावळ्याला तूप चारलं होतं. इथे कुणी रागवत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं आणि हळूच उशी उचलली. खाली पानात बांधलेला भाताचा गोळा होता, तूप पानाबाहेर झिरपलेलं. "नात येते संध्याकाळी," ती पुटपुटली. "घरी तिला तूप मिळत नाही."

सिस्टरने पेन काढलं आणि म्हातारीच्या कागदावर लिहिलं, "नातीचं ताट वेगळं."