सिस्टरचं पहिलं गिऱ्हाईक

सगळे तिला सिस्टरच म्हणत. हॉस्पिटलची नोकरी सुटली, पांढरा युनिफॉर्म जाऊन खिशाखिशांची पँट आली, इलेक्ट्रिशियनचं रीतसर लायसन्स हातात पडलं, तरी गल्लीतली हाक तीच. "सिस्टर, आमचा पंखा घरघर करतोय, बघता का जरा?" आणि ही बया पंख्याखाली उभी राहून विचारायची, "कधीपासून होतंय? सारखं होतं की मधूनमधून?" पंख्याची जीभ बघायची तेवढी बाकी ठेवायची.

चांगली पर्मनंट नोकरी सोडली म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. भानगड कसली डोंबलाची! एका दुपारी तिच्या वॉर्डातली वीज गेली. पंखे बंद, मशिनं बंद, नुसता गोंधळ. तेवढ्यात एक म्हातारा इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड उघडून त्याने थोडी खुडबुड केली, पंखे फिरायला लागले आणि म्हातारा पिशवी उचलून चालू पडला. सिस्टर बघतच राहिली. हा माणूस काम संपवून घरी चाललाय! तिचं काम संपल्याचं तिला कधी आठवतच नव्हतं. घरी जेवायला बसली तरी कोपऱ्यातल्या पेशंटची सलाईन डोक्यात. त्या दिवशी जे मनाने घेतलं ते घेतलंच. नोकरी सांभाळून वर्ग केले, सुट्टीच्या दिवशी एका ठेकेदाराच्या हाताखाली भिंती फोडल्या, परीक्षा दिली आणि मग राजीनामा टाकला.

इथवर सगळं ठीक. पण गिऱ्हाईक? नातेवाइकांनी "घरचंच समजून कर" म्हणत भरपूर राबवून घेतलं. बाकीचे दार उघडून तिच्या खांद्यावरून मागे बघत. "इलेक्ट्रिशियन मागून येतायत का?" असा प्रश्न ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आणि त्या सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. "तुझी जागा अजून रिकामी आहे. उद्या सकाळच्या ड्यूटीला हजर हो. येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी घेते."

नवरा चहा पीत ऐकत होता. 'मी काही म्हणत नाही' असं म्हणून सगळं म्हणणाऱ्यांपैकी तो. "मी काही म्हणत नाही," तो म्हणाला, "पण हौस झाली ना आता?" आवाज मायेचा होता, म्हणून तर तिला जास्त लागलं. भांडला असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. ती पिशवी घेऊन तडक बाहेर पडली, कारण बेकरीवाल्याने निरोप धाडला होता. अनोळखी माणसाकडचं पहिलं खरं काम!

बेकरीवाला पीठभरल्या हातांनीच सामोरा आला. "या बाई. ओव्हन तापला की एमसीबी पडते. मागच्या वेळी वायरमनने मोठी बसवली, तर आता तीही पडायला लागली. आणखी मोठी बसवा आणि मोकळ्या व्हा."

सिस्टरने बोर्ड उघडला. आतली वायर तिने वाकून नीट पाहिली. ओव्हन हा एवढा मोठा आणि वायर जुनी, बारीक. जास्त भार आला की वीज तोडणं हेच त्या एमसीबीचं काम. ती बिचारी पडून पडून ओरडत होती, आणि दर वेळी तिच्या जागी जास्त सहनशील एमसीबी आणून बसवायची, हा इथला इलाज.

"मोठी नाही बसवणार मी," ती म्हणाली. "वायर बदलावी लागेल. भिंत फोडून."

"भिंत फोडून? आणि माझा धंदा? बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, सगळे असंच करतात."

"करत असतील."

"मग राहू द्या. दुसरा बघतो."

झालं! पहिलं गिऱ्हाईक आलं तसं गेलं. एमसीबी बसवायला असा किती वेळ लागला असता? संध्याकाळी घरी ताठ मानेने जाता आलं असतं. पण तिचा हात काही त्या पेचकसाकडे वळेना. स्वतःचाच राग येऊन तिने धाडधाड हत्यारं पिशवीत कोंबली.

दाराशी बेकरीवाल्याची आई स्टुलावर बसली होती, पाठ भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून. सिस्टरचा पाय अडखळला. "पाठ दुखते का आजी?"

"दुखते बाई. पण इथं टेकलं की छान शेकते."

"भट्टीची ऊब येते वाटतं?"

"भट्टी पलीकडे! ही भिंत आपली अशीच तापते. मागचा वायरमन येऊन गेला ना, तेव्हापासून."

सिस्टरने पिशवी खाली ठेवली. हाताची मागची बाजू भिंतीला लावली. बोर्डापासून ओव्हनपर्यंत, आजीच्या पाठीमागून, एक सरळ गरम पट्टा गेला होता. "आजी, उठा. आधी उठा इथून," म्हणत तिने म्हातारीला बखोटीला धरून उठवलंच. मग मुलाकडे वळून कडाडली, "इकडे या! हात लावा इथे!"

बेकरीवाला कुरकुरत आला. तळवा टेकवला. तिथून त्याने तो आईच्या पाठीला लावून पाहिला.

"ओव्हनमध्ये पाव आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"जाऊ देत."

त्याने स्वतःच मेन स्विच पाडला. "केलं बंद."

सिस्टरने तरी टेस्टर लावून पाहिला, मगच छिन्नी उचलली. गिलावा निघाला तशी आतली वायर दिसली. वरचं प्लॅस्टिक काळं पडून कडक झालेलं, बोट लागताच गळून पडत होतं. बेकरीवाला ते तुकडे वेचत खाली बसला. आईला तिथे स्टूल त्यानेच आणून दिलं होतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

दुपार कलली तरी निम्मी भिंत बाकी होती. नवी वायर आणायची, पाइप टाकायचा, बरंच होतं. सिस्टरचे खांदे भरून आले होते, पण असं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आज काही हे होत नाही," बेकरीवाला म्हणाला. "उद्या सकाळी कोणाला पाठवाल?"

सिस्टरने कपाळावरचा चुना पुसला. "पाठवायचं कोणाला? सकाळी मीच येतेय," ती म्हणाली, आणि मेट्रनबाईंना तसं कळवायला फोन काढला.